बँकॉकची देवळे अर्ध्या दिवसात उरकता येत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की आपल्या पुरवणीत सहलींच्या जाहिराती सुरू होतात. त्यात 'बँकॉक-पटाया, चार रात्री पाच दिवस' असतेच आणि तिच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळही ठरलेली असते : 'अर्धा दिवस शहरदर्शन, मंदिरांसह'. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

त्या अर्ध्या दिवसात बहुतेक ठिकाणी दोन देवळे दाखवतात. एक सुवर्णबुद्धाचे वात त्रायमित आणि दुसरे संगमरवरी वात बेंचमाबोफित. दोन्हीकडे अर्धा-पाऊण तास, आणि मग रत्नांच्या एका मोठ्या दुकानात दीड तास. देवळांची निवड वाईट नाही. वात त्रायमितची मूर्ती साडेपाच टनांची आहे. शत्रूच्या नजरेतून वाचवण्यासाठी तिला कधीकाळी चुन्याचा गिलावा थापला होता आणि पुढे आत सोने आहे हेच लोक विसरले. १९५५ साली जागा बदलताना ती पडली, टवका उडाला, तेव्हा पिवळे चमकले. अशी मूर्ती पाहायलाच हवी. पण ज्याच्यासाठी बँकॉकला जायचे तो राजवाडा, त्यातले पाचूबुद्धाचे मंदिर, शेजारचा शयनबुद्ध आणि नदीपलीकडचे अरुण मंदिर हे सारे बसच्या खिडकीतून 'लेफ्ट साइडला बघा' म्हणत निघून जाते. पंढरपूरला नेऊन चंद्रभागा आणि कुंकवाची दुकाने दाखवावीत आणि विठोबा राहूनच जावा, तशातली गत.

हे का होते तेही उघड आहे. राजवाड्याचे तिकीट परदेशी माणसाला ५०० बाट. कपड्यांचे नियम कडक, त्यामुळे चाळीसजणांतले पाच-सात दारात अडकणार. बस लांब लावावी लागते आणि आत उन्हात दोन तास पायपीट. शिवाय रत्नांचे दुकान आणणाऱ्याला दलाली देते, राजवाडा देत नाही.

हे सगळे टाळता येते, कारण बँकॉक अवाढव्य असले तरी जुने बँकॉक लहान आहे. चाओ फ्राया नदीच्या वळणात कालवे खणून त्याचे बेट केले, त्याला रत्नकोसिन म्हणतात. 'पहिला राम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थाई राजाने १७८२ साली राजधानी इथे आणली. आपल्याकडे त्याच साली सालबाईचा तह झाला. राजवाड्याच्या दारातून शयनबुद्धाकडे चालत दहा-पंधरा मिनिटे, तिथून धक्का पाच मिनिटे, धक्क्यावरून अरुण मंदिर नावेने तीन मिनिटे. बस लागतच नाही.

या शहराचे खरे नाव बँकॉक नव्हे, क्रुंग थेप. तेही संक्षिप्त रूप. पूर्ण नाव काही ओळींचे आहे आणि उच्चार बाजूला ठेवून मूळ शब्द देवनागरीत लिहिले तर मराठी माणसाला ते निम्मेअधिक कळते : महानगर, अमररत्नकोसिंद्र, महेंद्र अयोध्या, नवरत्न राजधानी, पुरीरम्य, उत्तम राजनिवेशन, अमरविमान, शक्राने दिलेले, विश्वकर्म्याने बांधलेले. तिथल्या पाट्या वाचता येत नसल्या तरी शब्द ओळखीचे निघतात, ते असे. 'वात' हा पालीतला 'वाट', म्हणजे कुंपण घातलेले आवार. आपला 'वाडा' त्याच घराण्यातला. म्हणून वात म्हणजे एक देऊळ नव्हे, अख्खा वाडा. आत 'उबोसोत' म्हणजे भिक्षूंचे उपोसथागार, त्यांच्या विधींचे मुख्य सभागृह, 'विहान' म्हणजे विहार, 'चेदी' म्हणजे चैत्य, 'मोंदोप' म्हणजे मंडप. उबोसोताभोवती आठ दिशांना कोरलेले दगड रोवलेले दिसतात, ते 'सेमा', म्हणजे सीमा. कुठली इमारत मुख्य, हे या आठ दगडांवरून ओळखता येते. एवढी पाच नावे पाठ असली की बाकीचे वाटाड्याशिवायही उमगते.

जायचे कसे? २०१९ पासून भुयारी मेट्रोची निळी मार्गिका जुन्या शहरात पोचली आहे. 'सनाम चाय' स्थानकावर उतरून १ क्रमांकाने बाहेर पडले की शयनबुद्धाचे वात फो पाच मिनिटांवर आणि राजवाड्याचे दार पंधरा-वीस मिनिटांवर. सुखुमवित भागात उतरलेल्यांनी हाच रस्ता धरावा. ध्यानात ठेवायचे ते एवढेच की उन्नत बीटीएस आणि भुयारी एमआरटी या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. एकीचे टोकन दुसरीला चालत नाही, आणि बदलाच्या ठिकाणी बाहेर पडून पुन्हा तिकीट काढावे लागते.

दुसरा रस्ता नदीचा, आणि तोच अधिक चांगला. बीटीएसच्या 'सफान ताकसिन' स्थानकाखाली सातोर्न धक्का आहे. तिथून नारिंगी झेंड्याची बोट कुठेही उतरा, १६ बाट. निळ्या झेंड्याची पर्यटकांची बोट त्याच धक्क्यावरून सुटते, ती महाग. धक्क्यावर शिरताच टेबल मांडून बसलेली माणसे निळीचेच तिकीट पुढे करतात. तिथे न थांबता पुढे जावे. नारिंगीचे पैसे धक्क्यावरच्या साध्या खिडकीवर किंवा बोटीत घेतात. वाहक हातातली पत्र्याची लांब नळी खळखळ वाजवत येतो, तीच त्याची घंटा. सुटे काढून ठेवावेत. राजवाड्यासाठी 'था चांग', शयनबुद्धासाठी 'था तियन', फुलबाजारासाठी 'पाक ख्लोंग तलात', चायनाटाउनसाठी 'राचावोंग' असे धक्के. 'था' म्हणजे धक्का. बोट पुरती टेकत नाही, दोर टाकून क्षणभर धरतात. चढ-उतार त्या क्षणात करायची असते. गुडघेदुखी असलेल्यांनी मागच्या टोकाशी आधीच उभे राहावे. संध्याकाळी सहा-सातनंतर नारिंगी बोट मिळत नाही, हे परतीच्या हिशेबात धरावे.

आता वेळ. दिवस फसतो तो इथेच. राजवाडा साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनला तिकीट बंद होते. सव्वाआठला दाराशी असलेल्या माणसाला पहिला तास मोकळा मिळतो. साडेनऊनंतर बसगाड्यांचे गट येतात आणि उबोसोताच्या दारात रांग लागते. आपली सुट्टी एप्रिल-मेची आणि बँकॉकचा सगळ्यात वाईट उन्हाळाही तोच. संगमरवरी फरशीवरून अनवाणी चालायचे असते, त्यामुळे अकरानंतर पाय भाजतात. मोजे जवळ ठेवावेत.

कपड्यांचा नियम : खांदे आणि गुडघे झाकलेले. अर्धी चड्डी, थ्री-फोर्थ, बिनबाह्यांचा टॉप, फाटकी जीन्स, अंगाला चिकटलेल्या तंग लेगिंग्ज आणि पारदर्शक कापड चालत नाही. उघड्या खांद्यांवर ओढणी टाकून भागेल असे धरून चालू नये, बाह्याच हव्यात. साडी, पंजाबी ड्रेस, पूर्ण विजार आणि साधा सदरा घालून जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. अडवले तर समोरच्या दुकानात हत्तीछाप ढगळ विजार मिळते. तीच पुढे चायनाटाउनच्या सांपेंग गल्लीत बरीच स्वस्त दिसते आणि मग चुटपुट लागते. १२० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट नाही.

आत गेल्यावर लोंढा सरळ पाचूबुद्धाकडे जातो. मूर्ती ६६ सेंटिमीटरची आहे, उंच सिंहासनावर, त्यामुळे खालून मुठीएवढी दिसते. ती पाचूची नाहीच, एका अखंड हिरव्या दगडाची आहे. वर्षातून तीनदा उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असा तिचा सोन्याचा पोशाख बदलतो आणि तो स्वतः राजा बदलतो. विठ्ठलाच्या पोशाखांची सवय असलेल्यांना हे नवल वाटू नये. आत छायाचित्र काढायचे नाही आणि बसताना पाय मागे दुमडून घ्यायचे. पाऊल मूर्तीकडे करणे तिथे फार वाईट दिसते. पहारेकरी लगेच खांद्याला हात लावतो. बाहेर कुंडीत कमळाच्या कळ्या असतात. कळी तीर्थात बुडवून डोक्याला लावतात. छोटी दुर्बीण न्यावी, मूर्तीसाठीही आणि पुढे सांगतो त्यासाठीही.

पाचूबुद्धाच्या आवाराला चारी बाजूंनी ओवऱ्या आहेत आणि त्या ओवऱ्यांच्या भिंतींवर १७८ चित्रांत अख्खे रामायण रंगवले आहे. थाई रामायणाचे नाव 'रामकियन', म्हणजे रामकीर्ती. पहिल्या रामाच्या दरबारात त्याची संहिता सिद्ध झाली. जगभरचे पर्यटक या ओवऱ्यांतून सावली म्हणून चालतात. खरे तर ही चित्रे सगळ्यात जास्त कळायला हवीत ती आपल्याला, आणि आपल्यालाच तिथे पाच मिनिटांवर थांबू देत नाहीत. यासाठी निदान एक तास राखावा.

सुरुवात उत्तरेच्या दाराशी, विहान योत नावाच्या वास्तूसमोर होते. पहिल्या चित्रात जनकाला जमिनीत सीता सापडते. तिथून उजवा हात भिंतीकडे नव्हे, आवाराकडे ठेवून, म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने चालायचे. उलटे गेले की लंका आधी जळते. माणसे रंगावरून ओळखायची : राम हिरवा, लक्ष्मण सोनेरी, हनुमान पांढरा, सुग्रीव तांबडा. रावणही हिरवाच, पण तोंडांचे मनोरे एकावर एक. त्याचे नाव तोसाकन, म्हणजे दशकंठ. वाली म्हणजे फाली, बिभीषण म्हणजे फिफेक, इंद्रजित म्हणजे इंथरचित. एकाच चित्रात तोच माणूस तीन-चारदा दिसतो, कारण एका चौकटीत प्रसंगाचे सगळे टप्पे आहेत. वरून खाली किंवा आडवे नागमोडी वाचत गेले की कथा सुटते. अयोध्या आणि लंका दोन्ही बँकॉकच्या राजवाड्यासारख्याच काढल्या आहेत. कडेला, खालच्या कोपऱ्यात चित्रकारांनी आपली मौज केली आहे. युद्ध चालू असताना कुणी स्वयंपाक करते आहे, कुणी पेंगते आहे.

एक चित्र चुकवू नये. हनुमान प्रचंड रूप घेऊन बसला आहे आणि त्याच्या जबड्यात रामाचा महाल आहे. मैयराप येऊन रामाला पळवणार, म्हणून त्याने मालकाला तोंडात धरून ठेवले आहे. मैयराप म्हणजे आपला महिरावण. आपल्याकडे अहिरावण-महिरावणाची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे त्यांना पाटी न वाचता हे कळेल. पुढचा फरक मात्र चकवतो. थाई हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाची मुलगी सुवर्णमत्स्या समुद्रातून दगड पळवते, हनुमान तिला पकडायला जातो आणि तिच्याशीच जुळते. त्यांचा मुलगा मच्छानू, अर्धा वानर अर्धा मासा. आपल्या मकरध्वजाशी ताडून पाहावे. आपल्याकडे घामाच्या थेंबावर भागवले, तिथे भागवले नाही. सोबत आजी-आजोबा असले तर या चित्रापाशी वेळ बरा जातो.

दाराशी उभे असलेले बारा अजस्र यक्ष याच कथेतले राक्षस आहेत. त्यांत हिरवा तोसाकनही आहे. रावण मंदिराचा पहारेकरी, याने काहींना धक्का बसतो. तिथल्या समजुतीप्रमाणे ताकदवान शत्रू दारात राखणीला ठेवणे हीच शहाणीव. राजवाड्याच्या तिकिटातच 'खोन' या मुखवटानाट्याचा छोटा प्रयोग येतो. तो जवळच्या साला चालेर्मक्रुंग नाट्यगृहात सोमवार ते शुक्रवार होतो आणि विषय रामकियनच असतो. कोकणातल्या दशावताराची गोडी असलेल्यांनी तो सोडू नये. वेळा तिकिटाच्या खिडकीवर विचाराव्यात.

अकराच्या सुमारास वात फोला यावे. तिकीट ३०० बाट. ही वेळ मुद्दाम सांगतो आहे, कारण शयनबुद्ध छपराखाली आहे आणि दुपार तिथे काढता येते. मूर्ती ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच, विटा-चुन्याची, वर सोन्याचा मुलामा. मध्ये जाड खांब असल्याने ती एकसंध कुठूनच दिसत नाही. पूर्ण लांबीचे छायाचित्र पायाकडून येते. आणि थांबायचेही पायाशीच : तळव्यांवर शिंपल्याच्या जडावात १०८ मंगल चिन्हे आहेत. मागच्या बाजूला काशाची १०८ भांडी ओळीने मांडलेली. २० बाटला सुट्या नाण्यांची वाटी मिळते आणि एकेक नाणे टाकत जायचे. आत शिरताच जी सतत किणकिण ऐकू येते ती याचीच. कधी नाणी आधी संपतात, कधी भांडी. चालते.

बहुतेक गट इथून परत फिरतात आणि आवाराचा मोठा भाग बघायचा राहतो. उबोसोताच्या कठड्याला रामकियनचे संगमरवरी उठाव आहेत. कृत्रिम टेकड्यांवर ऋषींच्या छोट्या मूर्ती आहेत, हातपाय ताणून, मान वळवून बसलेल्या. थाईत त्यांना 'रुसी' म्हणतात आणि त्या व्यायामाला 'रुसी दाततोन'. योगासने करणाऱ्यांना बघताक्षणी ओळख पटेल. थाई मालिशीची परंपरा याच देवळाच्या शिलालेखांतून आली. आवारातच मालिशीची शाळा आणि दालन आहे. दर पाटीवर लिहिलेले असतात, घासाघीस नाही आणि बाहेरच्या गल्लीपेक्षा महाग असले तरी हात शिकलेला असतो. रक्तदाबाचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर आधी सांगावे, कारण ते अंगठ्याने आणि कोपराने दाबतात.

साडेतीन-चारला था तियन धक्क्यावरून ५ बाट देऊन पलीकडे. वात अरुण, तिकीट २०० बाट. नाव आपल्याच अरुणाचे, पहाटेचे. उंच मनोऱ्याला 'प्रांग' म्हणतात. त्यावरची फुले चिनी बश्यांच्या तुकड्यांची आहेत. चीनहून येणाऱ्या जहाजांत बूड जड राहावे म्हणून भरलेली भांडी इथे कामी आली. दोन फुटांवरून पाहिले की वाटीचा काठ, बशीची नक्षी ओळखू येते. वर इंद्र, तीन तोंडांच्या ऐरावतावर. पायऱ्या अतिशय उभ्या, चढताना सोप्या आणि उतरताना कठीण. कठड्याला धरून पाठमोरे उतरावे, त्यात लाज नाही.

उजेडाचा हिशेब असा : मंदिर पश्चिम काठावर आहे. सकाळी नदीकडच्या बाजूवर ऊन पडते आणि रंग उठतात. संध्याकाळी समोरच्या काठावरून पाहिले तर मागे सूर्य, पुढे नुसती काळी आकृती, आणि मग दिवे लागतात. आपली सकाळ राजवाड्यात जाते, म्हणून रंग बघायला चारला पलीकडे जाऊन जवळून बघावे आणि सहाला परत अलीकडे येऊन बाह्यरेषा बघावी. त्यासाठी काठावरच्या हॉटेलात महागडे सरबत घेण्याची गरज नाही, धक्क्याजवळून तेच दिसते.

खिशातली नाणीही पाहावीत. आधीच्या राजाच्या वेळची नाणी अजून चालतात. १ बाटवर पाचूबुद्धाचे मंदिर, २ वर सुवर्णटेकडी, ५ वर ते संगमरवरी मंदिर आणि १० वर वात अरुण. मुलांना चारही जमवायला सांगितले की ती देवळांत कुरकुरत नाहीत.

दुसऱ्या दिवसाची सुरुवात पाक ख्लोंग तलात या फुलबाजारात, उजाडायच्या आत. बाजार चोवीस तास चालतो, पण माल रात्री उतरतो आणि नऊनंतर रया जाते. झेंडू, मोगरा, शेवंती दादरसारखीच पोत्यांनी. वेगळी दिसते ती कमळाची कळी : बायका बोलता बोलता एकेक पाकळी आत दुमडत जातात आणि अर्ध्या मिनिटात साध्या कळीचा घडी घातलेला गुच्छ होतो. मोगऱ्याच्या मनगटाएवढ्या गजऱ्याला 'फुआंग मालाय' म्हणतात. त्यात माला आपलीच. तो देवाला, गाडीच्या आरशाला आणि मोठ्यांच्या हातात देतात, केसांत माळत नाहीत.

तिथून रिक्षाने किंवा पायी वात सुथात. समोर तांबडी, जवळपास २१ मीटर उंचीची सागवानी चौकट उभी आहे. तो प्रचंड झोपाळा. ब्राह्मण विधीत तरुण त्यावर झोके घेत समोरच्या खांबावरची नाण्यांची पिशवी दातांनी पकडत. अपघात होत. १९३५ नंतर विधी बंद झाला. शेजारच्या साध्या पांढऱ्या आवारात देवस्थान आहे, राजघराण्याच्या ब्राह्मणांचे शिव, गणेश, विष्णू. तिन्ही गाभारे रोज उघडे असतील असे नाही, पण पाटी लावलेली नसल्यागत असलेले हे ठिकाण बसगाड्या कधीच दाखवत नाहीत. तिथून पुढे लोह प्रासात, धातूच्या ३७ शिखरांची वास्तू. ३७ हे बोधिपक्षीय धर्म, म्हणजे बोधीकडे नेणारे गुण. आणि रस्ता ओलांडला की सुवर्णटेकडी, तीनशेवर पायऱ्या, पण रुंद आणि सावलीच्या. १८९८ साली आपल्याकडे पिप्रहवा येथे सापडलेले बुद्धावशेष ब्रिटिश सरकारने सयामच्या राजाला दिले, त्यातले काही इथे आहेत.

टेकडीखालून सॅन सॅप कालव्याची बोट शहरातल्या सयाम-प्रतुनाम या बाजारभागाकडे जाते. रस्त्याने पाऊण तास, बोटीने पंधरा मिनिटे. पाणी घाण आहे. शिंतोडे येतात म्हणून कडेला प्लास्टिकचा पडदा असतो आणि तो दोरीने आपणच ओढायचा असतो. प्रतुनामला बोट बदलावी लागते.

बाजाराबाबत थोडक्यात. चतुचक हा शनिवार-रविवारचा. इतर दिवशी नेले तर कुलपे दिसतील. एमआरटीच्या 'कामफेंग फेत' स्थानकाचे २ क्रमांकाचे दार थेट बाजारात उघडते. २७ विभाग आहेत. आवडलेली वस्तू 'परत येताना घेऊ' म्हणून सोडली की ती गेली, कारण ते दुकान पुन्हा सापडत नाही. निदान विभाग आणि गल्लीच्या पाटीचे छायाचित्र घ्यावे. मधला घड्याळाचा मनोरा भेटण्याची जागा म्हणून ठरवून ठेवावा. घासाघीस दहा-पंधरा टक्के. निम्म्याने सुरुवात केली की दुकानदार हसून तोंड फिरवतो आणि मग काहीच होत नाही. सांपेंग आणि प्रतुनामला घाऊक भाव तीन, सहा किंवा बारा नगांवर. चौघींनी मिळून घेतले तर फायदा. बुद्धमूर्ती देशाबाहेर नेण्यासाठी तिथल्या ललितकला खात्याचा परवाना लागतो. दुकानदार हे सांगत नाही, विमानतळावर कळते. या खात्याच्या मुद्रेवर गणपती आहे, हे जाता जाता. चायनाटाउनमध्ये सोने घेणाऱ्यांनी एवढे समजून घ्यावे की 'एक बाट सोने' म्हणजे वजन, सुमारे १५.२ ग्रॅम, आणि शुद्धता ९६.५ टक्के. तोळ्याशी गल्लत करू नये.

शाकाहाऱ्यांसाठी दोन शब्द. 'मांगसाविरात' म्हणजे चक्क मांसविरती, पण त्यात अंडे चालते. 'जे' म्हणजे कडक : मांस, मासळी, अंडे, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. जैनांनाही निम्मे चालेल असे. पिवळ्या पाटीवर तांबडे 'जे' अक्षर दिसते, ते मोबाइलवर जपून ठेवावे. नुसते 'व्हेज' म्हटले की भाजीवर 'नाम प्ला', म्हणजे मासळीचे पाणी, किंवा कालवांचा सॉस येतो आणि पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी. 'माय साय नाम प्ला' म्हणावे. एप्रिल-मेत आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात निर्धास्त खावा.

फसवणूक एकाच साच्याची. राजवाड्याच्या वाटेवर नीटनेटके कपडे घातलेला माणूस सांगतो, 'आज सकाळी बंद आहे, पूजा आहे, दुपारी उघडेल. तोवर २० बाटमध्ये टुकटुकने दुसरी देवळे बघा.' टुकटुक रत्नांच्या आणि शिंप्याच्या दुकानाशी थांबते. चालकाला तिथे पेट्रोलची कुपने मिळतात, म्हणून भाडे २० बाट. राजवाडा समारंभासाठी कधी कधी बंद असतो, पण ते दारावर जाऊनच खात्री करावे. सनाम लुआंग मैदानाशी कबुतरांना टाकायला मक्याचे दाणे कुणी हातात कोंबले तर मूठ उघडीच धरू नये. टॅक्सीत बसण्याआधी 'मीटर?' एवढे विचारावे आणि 'नाही' म्हटले तर पुढची बघावी. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५.

वर लिहिलेली तिकिटे मिळून पहिल्या दिवसाचे १००० बाट होतात. बाटला तीन रुपये असा ढोबळ हिशेब केला तर माणशी तीन हजार रुपये. हा आकडा सहलवाल्यांनी जाहिरातीतच द्यावा, घेणारे देतील. आपल्या पुरवणीत जाहिरात घेताना त्यांच्याकडून चार गोष्टी छापून घ्याव्यात अशी विनंती : देवळांची नावे, प्रत्येक ठिकाणचा वेळ, प्रवेशशुल्क धरले आहे की नाही, आणि दुकानात किती वेळ. चौथी ओळ छापायला बहुतेकजण तयार होणार नाहीत. त्यावरून निवड करणे सोपे जाईल.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे

ता.क. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरण्यापूर्वी डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि सरकारी संकेतस्थळावर ते मोफत आहे. शोधल्यावर वरच्या बाजूला पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी पाने येतात, ती सोडून द्यावीत. आणि तिथल्या दुकानात बिस्किटांच्या पुड्यावर २५६९ साल दिसले तर घाबरू नये. बुद्धसंवत ५४३ वर्षांनी पुढे असते, तेवढे वजा करून मुदत बघावी.